वन्संची सहा पाकिटं

आमच्या वन्संना कुणी काही विचारलं की त्या आधी उलट प्रश्न विचारतात. "डोकं दुखतंय, ही गोळी घेऊ का?" असं विचारलं तर त्या म्हणणार, "कशाच्या तुलनेत?" विचारणारा तिथेच गार होतो. ज्याचं डोकं ठणकतंय त्याला तुलना कुठून सुचणार?

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. वय बावन्न, लग्न केलं नाही. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर दोन खोल्यांत एकट्या राहतात. ऑफिस सुटलं की आधी आमच्याकडे येतात, आईजवळ बसतात, चहा घेतात आणि मग आपल्या घरी जातात. आमचे हे त्यांना 'चाळणी' म्हणतात. हे लोकांना गाडी चालवायला शिकवतात. दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसलेले असतात, त्यामुळे घरी आल्यावर कुणाची तरी थट्टा केल्याशिवाय यांच्या घशाखाली घास उतरत नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा वन्सं काय काम करतात हे मला धड कुणी सांगितलंच नाही. सासूबाई म्हणायच्या, "औषधांचं काहीतरी आहे." मला वाटलं, दुकान असेल. पहिल्या वर्षी ताप आला तेव्हा मी भाबडेपणाने त्यांच्याकडे गोळी मागितली. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे गोळ्या नसतात वहिनी, गोळ्यांवरचे कागद असतात." मला तेव्हा ते फार तुटक वाटलं. त्या दिवशीच्या वहीत मी 'नणंद जरा फटकळ आहे' असं लिहिलं होतं. मी रोज वही लिहिते. सकाळची प्रार्थना, घरातलं काम, कोण आलं, कोण काय म्हणालं, असं साधंच. रागाच्या भरात लिहिलेलं खोडायचं नाही एवढा नियम पाळते, म्हणून ते वाक्य अजून आहे.

पुढे एकदा त्या चष्मा विसरून गेल्या म्हणून तो द्यायला मी त्यांच्या ऑफिसात गेले. रंगाच्या दुकानावरचा तिसरा मजला. दहा-बारा माणसं, कपाटांना कुलपं, भिंतीला घड्याळ. आत शिरले तर वन्सं आणि त्यांची मैत्रीण एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या, आणि दोघींच्या हातात तोच कागद. मी हळूच विचारलं, "भांडण झालंय का तुमचं?"

दोघी हसल्या. तेव्हा कुठे मला ते काम थोडंसं कळलं. थोडंसंच. मोठी इस्पितळं त्यांच्याकडे प्रश्न पाठवतात. अर्धशिशीवर अमुक औषध द्यावं का, न थांबणाऱ्या उचकीवर तमुक चालतं का, मोठी मुलं अंथरूण ओलं करतात त्यांना ही गोळी द्यावी की नुसतीच वाट बघावी. मग या लोकांनी जगभरात त्या औषधाच्या जितक्या परीक्षा झाल्या असतील तितक्या गोळा करायच्या. जिथे औषध पास झालं त्या घ्यायच्या आणि जिथे नापास झालं त्या मुद्दाम शोधून काढायच्या, कारण नापासाची प्रगतिपुस्तकं कुणी आपणहून दाखवत नाही. प्रत्येक कागद दोघांनी वेगवेगळा वाचायचा. कुणाला खरी गोळी मिळाली आणि कुणाला आत औषधच नसलेली पोकळ, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं की डॉक्टरच्या मर्जीने? किती जण मधेच सोडून गेले? परीक्षा घ्यायला पैसे कुणी दिले? आपापलं मत फॉर्मवर लिहायचं आणि मगच तोंड फिरवून ताडून बघायचं. जुळलं नाही तर तिसऱ्याकडे जायचं.

"आणि शेवटी काय सांगता?" मी विचारलं.

"खात्री किती आहे ते. भरपूर, मध्यम, कमी, फारच कमी."

"भरपूर कितीदा येतं?"

"वर्षातून दोनदा आलं तर आम्ही सगळ्यांना चहा सांगतो," त्यांची मैत्रीण म्हणाली.

मी जिना उतरले ती गोंधळूनच. मी सकाळी उठून देवाचं नाव घेते ते ताडून बघून घेत नाही. आणि इथे बारा शिकलेली माणसं दिवसभर बसून 'सांगता येत नाही' एवढंच सांगतात, आणि त्याला काम म्हणतात. पण एक कबूल करते. इतक्या वर्षांत वन्संनी कुणाला 'हे घे' किंवा 'हे घेऊ नको' असं सांगितल्याचं मी ऐकलं नाही, आणि त्यांच्या सांगण्याने कुणाचं वाईट झाल्याचंही ऐकलं नाही. नातेवाइकांनी मात्र त्यांना विचारणं सोडून दिलं. माझी जाऊ तर म्हणाली, "त्यांच्याकडून होकार घेण्यापेक्षा आजार परवडला."

यंदा मात्र सांगायची पाळी आली, आणि ती त्यांच्या आईच्याच बाबतीत.

सासूबाई एकोणऐंशी वर्षांच्या. गेली तीन वर्षं त्यांच्या तळपायांची आग होते. वरून काही दिसत नाही. नसांचं दुखणं आहे म्हणतात. निखाऱ्यावर उभं केल्यासारखं वाटतं, असं त्या सांगतात. डॉक्टरांनी त्यावर एक कॅप्सूल सुरू केली. आग कमी झाली असं आम्हाला वाटलं. पण आई मऊ पडल्या. खुर्चीत बसल्या बसल्या मान कलायची. बोलता बोलता वाक्य अर्धवट राहायचं. आणि एका दुपारी न्हाणीघराच्या दारात त्या पडल्या. हाड मोडलं नाही, देवाची कृपा. पण कपाळावर केवढं टेंगूळ आलं, आणि त्या दिवसापासून कॉटवरून पाय खाली ठेवताना त्या माझा हात असा धरतात की बांगड्या रुततात.

डॉक्टर म्हणाले, "गोळी पायाला बरी, पण तोल सांभाळायला वाईट. चालू ठेवायची की बंद करायची हे तुम्ही घरच्यांनी बघा. काय फायदा होतोय ते तुम्हालाच दिसणार." मग वन्संकडे वळून म्हणाले, "आणि तुमचं तर हे रोजचंच काम आहे."

दवाखान्याच्या पायऱ्यांवर आल्यावर वन्सं मला म्हणाल्या, "वहिनी, या गोळीचे सगळे कागद मी वाचलेत. दहातल्या काहींना फायदा होतो, बाकीच्यांना होत नाही. आई कुठल्यात आहे ते कुठल्याच कागदात नाही."

"मग आता?"

"आता आईचीच परीक्षा घ्यायची."

ती परीक्षा अशी. सहा आठवडे, सहा पाकिटं. तीन पाकिटांत खरी कॅप्सूल आणि तीनमध्ये त्याच रंगाची पण पोकळ, म्हणजे आत नुसती पिठासारखी निरुपद्रवी भुकटी. कुठलं पाकीट कुठलं, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. ते ठरवणार आमच्या कोपऱ्यावरचे औषधवाले, आणि तो क्रम बंद लिफाफ्यात त्यांच्याच कपाटात राहणार. ना आईंना माहीत, ना आम्हाला, ना डॉक्टरांना. डॉक्टरांनी परवानगी दिली, पण गोळी एकदम तोडू नका, चढउतार हळू करा असं बजावलं. म्हणून प्रत्येक पाकिटाचे पहिले दोन दिवस कमी-जास्त करण्यात जायचे, आणि ते दोन दिवस मोजायचे नाहीत.

आईंना सगळं समजावून सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पोटची पोर मला तीन आठवडे पीठ चारणार?"

"आई, तुझी संमती असेल तरच."

"संमती! तुला शाळेत घातलं तेव्हा तुझी संमती घेतली होती का मी?" आणि लगेच, "कर बाई. नाहीतरी पडून पडून करायचं काय?"

मोजायचं काय? तर रोज आगीचा आकडा. शून्य म्हणजे आग नाही, दहा म्हणजे सोसवत नाही. आणि इथे वन्संनी ऑफिसची रीत घरात आणली. म्हणाल्या, "एकीने विचारलं तर भरवसा नाही. दोघी विचारू. तू सहाला विचार, मी सातला विचारीन. तू तुझ्या वहीत लिही, मी माझ्या. एकमेकींना दाखवायचं नाही, बोलायचंसुद्धा नाही."

मी एक शंका विचारली. मला ती फार दिवस टोचत होती. "वन्सं, मी रोज आईंसाठी प्रार्थना करते. ती या सहा आठवड्यांत बंद ठेवू का? नाहीतर गुण कशाचा ते कसं कळणार?"

मला वाटलं त्या हसतील. पण त्या गंभीरपणे विचार करून म्हणाल्या, "बंद नको. पण सहाही आठवडे सारखीच कर. एका आठवड्यात जास्त, एकात कमी असं नको."

हे पाठीमागून म्हणाले, "देवाला फॉर्म भरायला देऊ नका म्हणजे झालं."

तसे ते सहा आठवडे सुरू झाले. बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसलं नसतं. म्हातारी खुर्चीत, सून स्वयंपाकघरात, संध्याकाळी लेक येते. पण आत माझी काय अवस्था होती ते माझं मला माहीत. दर सोमवारी नवं पाकीट फोडलं की मी कॅप्सूल उजेडाकडे धरून बघायची. सगळ्या सारख्या. मग आईंचं तोंड बघायची. जरा जास्त झोपल्या की वाटायचं, खरी असणार. पाय आपटले की वाटायचं, पोकळ असणार. मग वाटायचं, काल रात्री उकाडा होता, झोप लागली नसेल, म्हणून आज पेंगतायत. दिवसातून चार वेळा मी ठरवायची आणि पाच वेळा ते मोडायची.

चौथ्या आठवड्यात आईंना फार त्रास झाला. बुधवारी दुपारी त्या पाय बादलीत घालून बसल्या होत्या आणि मला म्हणाल्या, "हे पीठच आहे. मला समजत नाही होय?" मला राहवलं नाही. त्या दिवशी मी प्रार्थनेला बसले ती तासभर उठले नाही. नंतर लक्षात आलं की मी नियम मोडला. संध्याकाळी वन्संना सांगितलं. तेवढं बोलायला हरकत नसावी असं वाटलं.

वन्सं चप्पल काढता काढता थांबल्या. "किती जास्त केलीस?"

"तासभर."

त्यांनी त्यांच्या वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

पाचव्या आठवड्यात माझी बहीण राहायला आली. ती बडबडी आहे, आईंना ती फार आवडते. दोघी दिवसभर जुन्या शेजाऱ्यांची उणीदुणी काढत बसायच्या. सहावा आठवडा शांत गेला. आणि एका रविवारी सकाळी औषधवाले स्वतः लिफाफा घेऊन आले. त्यांनाही उत्सुकता होती. दुकान उघडायला उशीर करून आले होते.

जेवणाच्या टेबलाशी आम्ही सगळे बसलो. आई कडेच्या खुर्चीत. लिफाफा फोडायच्या आधी दोन्ही वह्या समोरासमोर ठेवल्या आणि आकडे शेजारी शेजारी उतरवून काढले.

वन्संच्या वहीत पहिल्या आठवड्याचे मोजलेले पाच दिवस: दोन, तीन, दोन, दोन, तीन. सहाही आठवडे तसंच.

माझ्या वहीत तेच पाच दिवस: आठ, आठ, सात, आठ, नऊ. सहाही आठवडे तसंच.

औषधवाल्यांनी आपला चष्मा पुसला. हे म्हणाले, "दोघी एकाच बाईला विचारत होतात ना? की शेजारणीला?"

वन्संनी आकड्यांवरून पुन्हा बोट फिरवलं. "एका तासाच्या अंतराने पाच-सहा आकड्यांचा फरक. रोज." मग त्या आईकडे वळल्या. "आई, तू मला दोन सांगायचीस आणि वहिनीला आठ?"

आई पदराशी चाळा करत होत्या. "मग काय करू? तू दिवसभर राबून येतेस, तोंड एवढंसं झालेलं असतं. तुला आठ सांगितलं की घरी जाऊन जेवत नाहीस. माहीत आहे मला."

"आणि मला?" मी विचारलं.

"तुला दोन सांगितलं असतं तर तू पाय चोळायला बसली असतीस का? 'बरं वाटतंय ना आई' म्हणून गेली असतीस भांडी घासायला."

मला हसावं की रडावं कळेना. खोटं कसं म्हणू? बसले नसते हे खरंच आहे.

"मग खरा आकडा कुठला गं?" वन्संचा आवाज चढला. इतक्या वर्षांत तो चढलेला मी ऐकला नव्हता. "माझा पण नाही, हिचा पण नाही, मग खरा कुठला?"

"खरा दिवसातून दहा वेळा बदलतो. एक कसा सांगू? तुम्हाला एकच हवा होता, म्हणून ज्याला जो सोसेल तो दिला."

तरी लिफाफा फोडला. न फोडून करणार काय? दुसरं, तिसरं आणि सहावं पाकीट खरं होतं. पहिलं, चौथं आणि पाचवं पोकळ. म्हणजे दोन्ही वह्यांप्रमाणे, गोळी घेतली काय आणि पीठ घेतलं काय, काडीचा फरक नाही. मी म्हटलं, "बघा, दोघींचं एवढ्यावर तरी जुळतं. मग बंद करू या."

"हे जुळणं नाही वहिनी," वन्सं म्हणाल्या. "आईने दोघींना एकेक आकडा वाटून दिला आणि तोच चालू ठेवला. मोडक्या तागडीत काहीही ठेवलं तरी काटा हलत नाही. त्यावरून माल हलका आहे असं म्हणता येत नाही."

आई म्हणाल्या, "पण मला पाकिटं ओळखता आली की. दुसरं खरं होतं, पाचवं खरं होतं आणि सहावं."

"पाचवं पोकळ होतं आजी," औषधवाले नरमाईने म्हणाले.

"शक्यच नाही. त्या आठवड्यात पायांचं नावसुद्धा आठवलं नाही मला."

"तरी सहापैकी चार बरोबर आली!" हे टेबलावर थाप मारून म्हणाले. "आईला प्रथम वर्ग!"

वन्सं कपाळाला हात लावून बसल्या होत्या. "डोळे मिटून तीन पाकिटं उचलली तरी निम्म्या वेळा एवढी किंवा याहून जास्त बरोबर येतात, दादा."

मग यांनी माझी वही ओढली. आगीच्या आकड्याखाली मी माझं नेहमीचंही लिहीत होते, तेच हे मोठ्याने वाचायला लागले. 'आज आई पडद्यावरून बोलल्या.' 'आज भाजीत मीठ जास्त म्हणून बोलल्या.' 'आज माझ्या माहेरावरून बोलल्या.' हे बोटांवर मोजत गेले. पहिल्या आठवड्यात आई मला पाच दिवस बोलल्या. दुसऱ्यात एक, तिसऱ्यात दोन, चौथ्यात सहा, पाचव्यात दोन, सहाव्यात एक.

"हे बघ चाळणे! पोकळ गोळी असली की आई तलवार. खरी असली की आई लोणी. पाचव्यात पाहुणी होती म्हणून सभ्यपणा. अजून काय पुरावा पाहिजे तुला? गोळीने आईची धार जाते! बंद कर."

मला ते पटलं. औषधवाल्यांनाही पटलेलं दिसलं. पण वन्संनी वही मिटली आणि माझ्याकडे सरकवली.

"हे मोजायचं नाही."

"का?"

"लिफाफा फोडून झाल्यावर मोजायची गोष्ट बदलायची नाही. आमच्या कामात याहून मोठं पाप नाही. आकडा जमला नाही की लोक टोमणे मोजतात, टोमणे जमले नाहीत की शिंका मोजतात. काहीतरी कुठेतरी जमतंच. मी अशा किती जणांचे कागद फेकलेत. आणि आज माझ्या आईच्या बाबतीत मीच तसं करू?"

"पण वन्सं," मी म्हटलं, "आई बोलल्या हे तर खरंच आहे ना? मी त्या त्या दिवशीच लिहिलंय."

"खरं आहे. पण पाचव्याला पाहुणी म्हणून सोडायचं, मग चौथ्याला तुझी तासभराची प्रार्थना म्हणून सोडायचं का? कुठे थांबायचं?"

पाप म्हणजे काय ते मला माझ्यापुरतं कळतं. पण डोळ्यांसमोर आहे ते बघायचं नाही, कारण बघायचं असं आधी ठरवलं नव्हतं, हे कसलं पाप? आणि तरी त्यांचा चेहरा बघून वाटलं, हे त्यांचं देवाचंच काहीतरी आहे. तिथे आपण चपला घालून जाऊ नये.

वन्सं म्हणाल्या, "पुन्हा सहा आठवडे करू. या वेळी काय मोजायचं ते आधी लिहून ठेवू, आणि विचारणार एकच जण, बाहेरचं."

"मी एकोणऐंशीची आहे," आई म्हणाल्या. "माझे सहा आठवडे कुठल्या कपाटात ठेवलेत तुझ्या औषधवाल्यांनी?"

त्या दिवशी वन्सं चहा न घेता गेल्या. दुसऱ्या दिवशी सोमवार, डॉक्टरांना निर्णय कळवायचा होता. आम्ही तिघी गेलो. दवाखान्याच्या बाकावर आई मधे, आम्ही दोन बाजूंना. समोर एक बाई तोंडाला रुमाल लावून खोकत होती. आतून तपासणीचा एकेक नंबर पुकारत होते. आमचा सातवा होता. वन्संच्या मांडीवर त्यांचा तो ऑफिसचा फॉर्म होता. 'खात्री' या शब्दापुढे 'फारच कमी' असं लिहिलेलं मी तिरक्या नजरेने वाचलं. त्याखाली 'सल्ला' असा रकाना होता. तो कोरा होता.

पाचवा नंबर पुकारला तेव्हा वन्सं म्हणाल्या, "आई, मला सांगता येत नाहीये."

"काय?"

"बंद कर म्हणू की चालू ठेव म्हणू. बंद केली आणि तू रात्रंदिवस तळमळलीस तर ते माझ्यामुळे. चालू ठेवली आणि पुन्हा पडलीस, कंबर मोडली, तरी माझ्यामुळे. मी हजार गोळ्यांवर मत दिलंय गं. त्या कुणाच्या तोंडात गेल्या ते मला कधी बघावं लागलं नाही."

बोलता बोलता त्या रडायला लागल्या. आवाज न करता. समोरच्या बाईचा खोकलासुद्धा थांबला. मी पदर पुढे केला तर त्यांनी मान हलवली.

आईंनी त्यांच्या मांडीवरचा फॉर्म उचलला, डोळ्यांजवळ धरला, दूर धरला, आणि घडी घालून स्वतःच्या पिशवीत टाकला. "वाचता येत नाही असलं बारीक. ऐक. पाय जळतात तेव्हा मला कळतं मी कुठे आहे. ती गोळी घेतल्यावर मला कळत नाही मी कुठे आहे. आता तुझ्या वह्यांत हे कुठे बसत असेल तर बसव, नसेल तर राहू दे. पण आत मी बोलणार. तू बोलायचं नाहीस."

"चुकलं तर?"

"चुकलं तर माझं चुकेल. मला कोण बोलणार आहे या वयात?"

आत गेल्यावर डॉक्टरांनी वन्संकडे बघून विचारलं, "काय निघालं?" वन्सं आईकडे वळल्या. आई म्हणाल्या, "गोळी बंद करायची. हळूहळू करा म्हणत होतात तशी हळूहळू." डॉक्टरांनी विचारलं, "नक्की?" आणि आई म्हणाल्या, "नक्की कशाला म्हणतात ते हिला विचारा. मला बंद करायची आहे." डॉक्टरांनी उतरता डोस लिहून दिला आणि आग असह्य झाली तर लगेच यायला सांगितलं.

कॅप्सूल पूर्ण बंद होऊन आज एकोणीस दिवस झाले. वन्सं रोज येतात, पण आकडा विचारत नाहीत. दारातून आत येताना आधी आईच्या कपाळाकडे बघतात, नवीन टेंगूळ नाही ना म्हणून. मी एकदा म्हटलं, "पडल्या नाहीत हो अजून." त्या म्हणाल्या, "एकोणीस दिवसांत गोळी घेणारेसुद्धा पडत नाहीत वहिनी." म्हणजे चांगलं म्हणायचं की नाही ते मला समजलं नाही. त्यांनाही समजलं नसावं, कारण एवढं बोलून त्या पुन्हा जाऊन आईचं कपाळ बघून आल्या.

ऑफिसात त्या आता एक गोष्ट नव्याने करतात असं त्यांची मैत्रीण परवा भेटल्यावर म्हणाली. प्रत्येक कागदाला त्या विचारतात की आजाऱ्याला प्रश्न कोण विचारत होतं, नर्स की घरचं कुणी. बहुतेक कागदांत ते लिहिलेलंच नसतं. मग त्या कागद बाजूला ठेवतात आणि त्यांचा ढीग वाढत चाललाय. "तिसऱ्याकडे पाठवू म्हटलं तर तिसरापण वैतागलाय," मैत्रीण म्हणाली.

आज सकाळी मी प्रार्थना करून उठले तर आई कॉटवर नव्हत्या. बघते तर त्या एकट्या, भिंतीला धरून, पुढच्या खोलीच्या खिडकीपर्यंत गेलेल्या. खिडकी उघडून खालच्या रस्त्यावरच्या कुणाला तरी गाडी नीट लावायला सांगत होत्या, खणखणीत आवाजात. तशाच भिंत धरून परत आल्या, आणि कॉटवर बसून दोन्ही तळपाय हातांत घट्ट धरून अर्धा तास रडल्या. मी तेल लावलं. संध्याकाळी वन्संना दोन्ही गोष्टी सांगायच्या आहेत. आधी कुठली सांगू, हे अजून ठरत नाहीये.